तारतम्य शिकवणारे शिक्षक : लिंडले मरे

विद्यार्थी मित्रांनो, मराठीत 'तारतम्य' असा एक शब्द आहे. एखादी व्यक्ती कोठे किती बोलावे, कशाला किती महत्त्व द्यावे हे ओळखून वागते, तेव्हा ती तारतम्याने वागते असे आपण म्हणतो. हा शब्द 'तर' आणि 'तम' या दोन प्रत्ययांपासून तयार झाला आहे. लघु म्हणजे लहान, लघुतर म्हणजे त्याहून लहान आणि लघुतम म्हणजे सर्वांत लहान. हा फरक ज्याला कळतो, त्याला तारतम्य कळते.

तुम्हाला ही गोष्ट मुळीच परकी वाटणार नाही. तुमच्या उर्दूच्या पुस्तकात बेह, बेहतर, बेहतरीन हे शब्द तुम्ही वाचले आहेत. बद, बदतर, बदतरीन हेही तुम्हाला ठाऊक आहेत. उर्दू व्याकरणात या तीन पायऱ्यांना तफजील-ए-नफ्सी, तफजील-ए-बाज आणि तफजील-ए-कुल अशी नावे आहेत. अरबीतून आलेल्या शब्दांची रीत जरा वेगळी आहे. तेथे शब्दाच्या शेवटी प्रत्यय लागत नाही, शब्दाचा साचाच बदलतो. कबीर म्हणजे मोठा आणि अकबर म्हणजे अधिक मोठा किंवा सर्वांत मोठा. सगीर म्हणजे लहान आणि असगर म्हणजे अधिक लहान. तुमच्या वर्गात कोणी अकबर किंवा असगर असेल, तर त्याच्या नावातच व्याकरणाचा एक धडा दडलेला आहे!

इंग्रजीच्या तासाला हाच धडा तुम्ही गुड, बेटर, बेस्ट असा पाठ करता. इंग्रजीतील या पायऱ्यांचे नियम सोप्या भाषेत मांडून लक्षावधी मुलांपर्यंत पोहोचवणारे एक शिक्षक होऊन गेले. त्यांचे नाव लिंडले मरे. त्यांनी कोणतीही पदवी मिरवली नाही. त्यांना नीट चालताही येत नव्हते. तरीही त्यांचे पुस्तक समुद्र ओलांडून आपल्या मुंबईपर्यंत आले. चला, त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ.

लिंडले मरे यांचा जन्म १७४५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे झाला. त्या वेळी अमेरिका हा स्वतंत्र देश नव्हता. तेथे इंग्रजांच्या वसाहती होत्या. लिंडले हे आपल्या आईवडिलांचे सर्वांत थोरले अपत्य. लहानपणी ते फार अशक्त होते. त्यांचे वडील रॉबर्ट मरे पुढे न्यूयॉर्कमधील मोठे व्यापारी झाले. हे कुटुंब क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे होते. साधी राहणी, खरे बोलणे आणि युद्धाला विरोध ही या पंथाची शिकवण.

वडिलांची इच्छा होती, की मुलाने व्यापार करावा. त्यांनी लिंडलेला आपल्या पेढीवर बसवले. मुलाचे मन मात्र हिशेबाच्या वहीत रमेना. त्याला शिकायचे होते. वडील कडक शिस्तीचे होते. एकदा त्यांनी केलेली शिक्षा लिंडलेच्या मनाला लागली आणि तो आपली पुस्तके घेऊन घरातून निघून गेला. न्यू जर्सीमधील बर्लिंग्टन गावी जाऊन त्याने एका निवासी शाळेत नाव घातले आणि फ्रेंच भाषेचा अभ्यास सुरू केला. घर सोडून गेलेली मुले सहसा खेळ किंवा धाडस शोधत जातात. हा मुलगा शाळा शोधत गेला! काही काळाने घरच्यांना त्याचा ठावठिकाणा कळला. त्याला परत आणले गेले. वडिलांनीही एक पाऊल मागे घेतले आणि मुलासाठी घरी शिक्षक ठेवला.

पुढे लिंडले मरे यांनी कायद्याचा अभ्यास केला. जॉन जे हे त्यांचे सहाध्यायी होते. हेच जॉन जे १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झाले. मरे यांनीही न्यूयॉर्कमध्ये वकिली सुरू केली. १७६७ मध्ये हॅना डॉबसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वकिली चांगली चालू लागली. त्यानंतर अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. मरे पतिपत्नी काही वर्षे शहरापासून दूर, लाँग आयलंड येथे जाऊन राहिले. नंतर त्यांनी व्यापार केला आणि त्यात चांगला पैसा मिळवला. युद्ध संपले तेव्हा मरे यांचे वय चाळिशीच्या आत होते. धन होते, मान होता, नदीकाठी सुंदर घर होते. आता सुखाने राहावे, असा विचार ते करत होते.

पण त्याच वेळी प्रकृतीने दगा दिला. त्यांच्या स्नायूंतील शक्ती कमी होऊ लागली. थोडे चालले तरी पाय थकत. हवापालट केल्यास गुण येईल, या आशेने १७८४ मध्ये ते पत्नीसह इंग्लंडला गेले. यॉर्क शहराजवळ होलगेट नावाच्या गावी त्यांनी घर घेतले. बरे वाटल्यावर मायदेशी परत जायचे, असा त्यांचा बेत होता. तो कधीच पूर्ण झाला नाही. ते उरलेले सारे आयुष्य त्याच घरात राहिले. पायांची शक्ती कमी कमी होत गेली. पुढे त्यांनी चालणे सोडले. काही वर्षे ते गाडीतून फिरायला जात. शेवटची अनेक वर्षे तर घराबाहेर पडणेही बंद झाले.

मित्रांनो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. ज्याचे पाय थकले, त्याने काय करावे? मरे यांनी खुर्चीत बसून करता येईल असे काम शोधले.

त्यांच्या घरापासून जवळच, यॉर्क शहरात, १७८५ मध्ये क्वेकर पंथाच्या मुलींसाठी एक शाळा सुरू झाली होती. एस्थर ट्यूक या बाईंनी ती सुरू केली होती. त्या काळी इंग्लंडमध्येही मुलींच्या शिक्षणाकडे फारसे लक्ष दिले जात नसे. मुलांच्या मोठ्या शाळांत लॅटिन भाषा शिकवत आणि त्या भाषेतून व्याकरणाची ओळख होई. मुलींना लॅटिन शिकण्याची संधी क्वचितच मिळे. शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकांनाही इंग्रजीचे व्याकरण शिकण्याची सोय नव्हती. या शिक्षिका मरे यांच्याकडे व्याकरण शिकू लागल्या. मरे समजावून सांगत आणि त्या शाळेत जाऊन तेच मुलींना शिकवत. त्यात एस्थरबाईंच्या घरातील अ‍ॅन ट्यूक होत्या. पण दरवेळी तोंडी किती सांगणार? मुलींच्या हातात द्यायला सोपे पुस्तक हवे होते. शिक्षिकांनी मरे यांना विनंती केली, की आमच्यासाठी एक व्याकरण लिहा.

अशा रीतीने १७९५ मध्ये मरे यांचे इंग्रजी व्याकरण यॉर्क येथे छापले गेले. ते एका लहान शाळेतील मुलींसाठी लिहिले होते. मरे तेव्हा पन्नास वर्षांचे होते.

या पुस्तकात विशेष काय होते? इंग्रजीची व्याकरणे त्यापूर्वीही होती. रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूंचे व्याकरण १७६२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मरे यांनी त्यातून आणि इतर ग्रंथांतून पुष्कळ घेतले. हे सर्व आपले आहे, असा दावा त्यांनी केला नाही. आपण संकलन केले आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. तरीही पुढे अमेरिकेतील प्रसिद्ध कोशकार नोआ वेब्स्टर यांनी त्यांच्यावर उसनवारीचा आरोप केला. मरे यांचे खरे कौशल्य मांडणीत होते. मुख्य नियम त्यांनी मोठ्या टाइपात छापले आणि अपवाद व बारकावे लहान टाइपात दिले. नव्या विद्यार्थ्याने आधी मोठी अक्षरे वाचावीत आणि तयारी झाल्यावर लहान अक्षरांकडे वळावे, अशी ही योजना होती. शिकणाऱ्याच्या शक्तीप्रमाणे पायऱ्या! पुस्तकाच्या रचनेतच तारतम्य होते.

आता त्यांनी विशेषणाच्या पायऱ्या कशा शिकवल्या, ते पाहू. इंग्रजीत लहान शब्दाला 'अर' आणि 'एस्ट' हे प्रत्यय लागतात, तर लांब शब्दाच्या आधी 'मोअर' आणि 'मोस्ट' हे शब्द येतात. गुड, बॅड, लिटल, मच यांसारखे काही शब्द कोणताच नियम पाळत नाहीत. ते पाठच करावे लागतात. दोनच वस्तूंची तुलना असेल तर दुसरी पायरी वापरणे अधिक योग्य, कारण तिसऱ्या पायरीला दोहोंपेक्षा जास्त वस्तू लागतात, हेही मरे यांच्या पुस्तकात आहे. इतकेच नव्हे, तर पहिल्या पायरीच्या खालची पायरीही त्यांनी दाखवली. ब्लॅक म्हणजे काळा आणि ब्लॅकिश म्हणजे पूर्ण काळा नव्हे, थोडा काळा. मराठीत आपण यालाच काळसर म्हणतो. पांढरट, तांबूस, पिवळसर हे शब्दही असेच आहेत. भाषा किती बारीक मोजमाप करते, पाहा!

एक नियम मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका शब्दावर दोनदा पायरी चढवू नये. बेटर या शब्दात 'अधिक' हा अर्थ आलेलाच आहे, म्हणून 'मोअर बेटर' म्हणायचे नाही. बेस्टमध्ये 'सर्वांत' हा अर्थ आहे, म्हणून 'मोस्ट बेस्ट' म्हणायचे नाही. तसेच ज्या शब्दाचा अर्थ आधीच शेवटच्या टोकाचा आहे, त्याची तुलना करू नये. परिपूर्ण या शब्दाचे उदाहरण घ्या. जे पूर्ण भरले आहे, ते आणखी कसे भरणार?

ही चूक फक्त इंग्रजीत होते असे समजू नका. आपण उर्दू बोलताना सहज 'ज्यादा बेहतर' किंवा 'सबसे बेहतरीन' म्हणून जातो. मराठीत 'सर्वांत सर्वोत्तम' असे ऐकू येते. सर्वोत्तम म्हणजेच सर्वांत उत्तम. मग आणखी एक 'सर्वांत' कशाला?

पण लोक असे का बोलतात? कारण त्यांना जोर द्यायचा असतो. एक शब्द पुरेसा वाटत नाही, म्हणून ते दुसरा जोडतात. मरे यांच्या दोनशे वर्षे आधी, शेक्सपिअरच्या काळात, इंग्रजीत अशी दुहेरी रूपे जोर देण्यासाठी खुशाल वापरली जात. शेक्सपिअरच्या नाटकांतही ती आढळतात. तेव्हा कोणी त्यांना चूक म्हणत नसे. अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी ती नियमाबाहेर ठरवली आणि मरे यांच्या पुस्तकामुळे तो नियम शाळाशाळांत पोहोचला. तरीही 'लेसर' हा शब्द टिकून राहिलाच. 'लेस' म्हणजेच कमी, आणि त्याला वर आणखी 'अर' लागला आहे. व्याकरणकारांनी नाक मुरडले, पण लोकांनी तो सोडला नाही. यावरून काय समजते? भाषा नियम मानते, पण कधी कधी आपला हट्टही चालवते. म्हणून जुन्या रूपात बोलणाऱ्या माणसाला अडाणी समजणे बरोबर नाही. परीक्षेत आणि लेखनात मात्र आजचा नियम पाळलाच पाहिजे.

मग जोर द्यायचा असेल तर काय करावे? मरे यांच्या पुस्तकात यासाठी वेगळा भाग आहे. वाचताना कोणत्या शब्दावर आवाजाचा भर द्यावा, याचे विवेचन त्यांनी केले आहे. उर्दूत यालाच ताकीद म्हणतात. येथे एक सावधगिरी बाळगा. मराठीत ताकीद म्हणजे सक्त सूचना! वर्गशिक्षकांनी ताकीद दिली असे मराठीत वाचले, तर ते व्याकरण शिकवत नाहीत, दम देत आहेत असे समजा.

भर बदलला की वाक्याचा रोख कसा बदलतो, हे आपल्याच एका वाक्यावरून पाहू. 'सलमाने काल मला पुस्तक दिले.' आता 'सलमानेच' म्हणा. पुस्तक दुसऱ्या कोणी दिले नाही, असा अर्थ होतो. 'कालच' म्हणा. फार दिवस झाले नाहीत, असा अर्थ होतो. 'मलाच' म्हणा. इतरांना मिळाले नाही. 'पुस्तकच' म्हणा. वही किंवा पेन नव्हे. एका छोट्या 'च'ने केवढे काम केले! उर्दूत हेच काम 'ही' करते. इंग्रजीत मात्र असा एखादा छोटा अव्यय प्रत्येक शब्दामागे फिरत नाही. तेथे आवाजाचा भर, शब्दांची जागा किंवा 'डू', 'व्हेरी' यांसारखे शब्द हे काम करतात.

मरे यांच्या पुस्तकात भर देण्याविषयी एक इशाराही आहे. जोराचे शब्द फार वाढवू नयेत. प्रत्येक शब्दावर भर दिला, तर ते सगळे पुस्तक तिरप्या टाइपात छापल्यासारखे होते. मग वाचणाऱ्याचे लक्ष कशाकडेच जात नाही. तुम्ही सुद्धा निबंध लिहिताना हे आठवा. प्रत्येक नेता सर्वांत महान, प्रत्येक गाव सर्वांत सुंदर आणि प्रत्येक सण सर्वांत मोठा असे लिहिले, तर तुमच्या 'सर्वांत'ला किंमत उरत नाही. कळसूबाई हे सर्वांत उंच शिखर आहे, असे म्हणू नका. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे, असे म्हणा. 'कोणांत सर्वांत' हे सांगितले, की वाक्य खरे होते.

आता पुन्हा मरे यांच्याकडे वळू. त्या लहान पुस्तकाला शाळेबाहेरूनही मागणी येऊ लागली. मरे यांनी आवृत्तीमागून आवृत्ती सुधारली. १७९७ मध्ये त्यांनी व्याकरणाचा संक्षेप काढला. त्याच वर्षी स्वाध्यायांचे पुस्तकही प्रसिद्ध केले. त्यात चुकीची वाक्ये दिलेली होती. विद्यार्थ्याने चूक शोधून वाक्य दुरुस्त करायचे. तुमच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत असे प्रश्न आजही येतात. १७९९ मध्ये त्यांचे इंग्रजी वाचनाचे पुस्तक आले. ते अमेरिकेतही घरोघरी गेले. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे शालेय शिक्षण फार थोडे झाले होते. त्यांनीही या वाचनपुस्तकाची वाखाणणी केली होती.

या पुस्तकांच्या लक्षावधी प्रती खपल्या. मरे यांना मोठी रक्कम मिळाली. ती त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही. आपल्याला पुरेसे आहे, असे मानून त्यांनी लेखनाचा पैसा लोकोपयोगी कामांना दिला. आपल्या मृत्युपत्रातही त्यांनी गुलामगिरीतील कृष्णवर्णीयांची मुक्तता, त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि गरिबांना मदत अशा कामांसाठी पैसा ठेवला.

सर्वच विद्यार्थ्यांना त्यांचे पुस्तक गोड वाटले असे मात्र नाही. अनेक शाळांत मुलांना अर्थ न समजता नियम घोकावे लागत आणि छडीही खावी लागे. हा दोष शिकवण्याच्या पद्धतीचा होता. शिकणाऱ्याला एकेक पायरी चढवत न्यावे, ही लेखकाची योजना होती. पण पायऱ्या सोडून सगळेच एकदम पाठ करायला लावले, तर चांगले पुस्तकही ओझे होते.

१८२६ साली, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केल्यावर, होलगेट येथे लिंडले मरे यांचे निधन झाले. लहानपणी जो मुलगा अशक्त म्हणून ओळखला जाई, तो आपल्या सर्व भावंडांपेक्षा जास्त जगला. त्यांच्या बागेतील एक छोटा मंडप यॉर्कच्या माउंट स्कूल या शाळेच्या आवारात जतन करून ठेवला आहे.

त्यांच्या मृत्यूनंतरही पुस्तकाचा प्रवास थांबला नाही. १८३५ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे त्यांच्या व्याकरणाचा संक्षेप अंध विद्यार्थ्यांसाठी उठावाच्या अक्षरांत छापला गेला. बोटांनी चाचपून मुले विशेषणाच्या पायऱ्या शिकू लागली. आणि १८३७ मध्ये मुंबईत त्याचे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले! त्याच्या एकच वर्ष आधी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण मुंबईतच प्रसिद्ध झाले होते. इंग्रजी आणि मराठी या दोन भाषा तेव्हा आपल्याकडे शेजारी बसून एकमेकींचे नियम समजून घेत होत्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तर तीन भाषांच्या मध्ये बसला आहात. घरी आणि शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी, पुढच्या शिक्षणासाठी इंग्रजी. काही जण याला ओझे म्हणतात. पण बेहतर, लघुतर आणि बेटर हे तिन्ही शब्द ज्याला एकाच नजरेत दिसतात, त्याला व्याकरण लवकर समजते. एका भाषेत अडलेली गोष्ट तो दुसऱ्या भाषेत उलगडून पाहू शकतो. आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या घरातील, गल्लीतील किंवा गावातील कोणत्याही तीन वस्तू घ्या आणि त्यांची तुलना तिन्ही भाषांत लिहा. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्य तपासा. पायरी दोनदा चढली नाही ना? 'सर्वांत' लिहिले, तर 'कोणांत' तेही लिहिले ना? आणि जे लिहिले, ते खरे आहे ना?

ही तीन उत्तरे बरोबर आली, तर तारतम्य हा शब्द तुम्हाला समजला.